व्येलुनच्या शाळेसमोर

लंडनला हेंडनच्या संग्रहालयात मी दुसऱ्या महायुद्धातल्या स्टुका या जर्मन बॉम्बफेकी विमानाभोवती तासभर फिरलो, ते आधी सांगतो. रॉयल एअर फोर्सचं हे संग्रहालय, प्रवेश फुकट, कॉलिंडेल स्टेशनवरून चालत जाता येतं. युंकर्स ८७, म्हणजे स्टुका, जातीची जवळपास सहा हजार विमानं बनली, त्यातली बऱ्यापैकी अखंड अशी दोनच संग्रहालयांत उभी आहेत. एक इथं, दुसरं शिकागोत. शाळेत असल्यापासून मी या विमानावर जे मिळेल ते वाचलंय. मधेच खाली वाकून पुन्हा वर गेलेले पंख, आत न घेता येणारी जाडजूड चाकं. प्रत्यक्षात ते माझ्या कल्पनेपेक्षा खूप मोठं निघालं. मी फोटोमागून फोटो काढत होतो. शेजारी एक गृहस्थ नातवाला तोंडाने त्याचा आवाज काढून दाखवत होते आणि मीही हसलो.

लंडनचे बाकीचे दिवस पावसात गेले. तिथून भाचीकडे, पोलंडला. ती व्रोत्सवाफला शिकते. याच स्टुकांनी बॉम्ब टाकलेल्या व्येलुनला जाऊ म्हणाल्यावर ती म्हणाली, "मामा, तिथं कोण जातंय? क्राकूफ बघा की." पण आली सोबत. दोन-अडीच तासांची बस, खिडकीबाहेर सपाट शेतं.

व्येलुन छोटं, नीटनेटकं गाव आहे. चौकात जुन्या चर्चचा नुसता पाया उरलाय. भिंती नाहीत, जमिनीलगत दगडांची आखणी तेवढी. आमच्याकडे पडक्या वाड्याचं जोतं राहतं, तसं. तिथून आम्ही पिल्सुडस्कींच्या नावाच्या रस्त्याला लागलो. जिथं रुग्णालय होतं, तिथं आता शाळा आहे. स्मृतिफलक भाचीने वाचून दाखवला. पहिल्या ओळीनंतर ती हळू आवाजात वाचायला लागली.

१ सप्टेंबर १९३९. गावात पहाटे ४:४० ही वेळ धरली जाते, म्हणजे युद्ध अजून जाहीरही झालेलं नव्हतं. २९ स्टुका आली आणि बॉम्ब या रुग्णालयावर पडले. रुग्ण, परिचारिका आणि नन, अशी ३२ माणसं इथं मेली. दिवसभरात आणखी फेऱ्या झाल्या. गावचा मध्यभाग जवळजवळ सगळा गेला, सिनेगॉगही गेलं. एकूण माणसं किती गेली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. नावानिशी सापडतात ती शंभरावर, काही अंदाज हजाराच्या वर जातात. गावात पोलिश सैन्य नव्हतं.

माझं मन अडकलं ते त्या यंत्राच्या हेतूवर. वरून सपाट उडत टाकलेला बॉम्ब कुठंही पडतो, म्हणून तर हे विमान घडवलं. वैमानिकाच्या पायाशी विमानाच्या तळाला काचेची खिडकी, तिच्यातून लक्ष्य दिसलं की पंखांखालचे ब्रेक उघडायचे आणि जवळजवळ सरळ खाली सूर मारायचा. बाजूच्या काचेवर कोन मोजायच्या रेघा. बॉम्ब नाकावरच्या पंख्याला लागू नये म्हणून त्याला बाहेर झुलवणारा दांडा. बॉम्ब सुटला की विमान आपोआप नाक वर घ्यायचं, कारण त्या झटक्यात माणसाची शुद्ध हरपू शकते. हेर्मान पोलमान यांच्या आराखड्याचं पहिलं विमान १९३५ मध्ये उडालं, तेही ब्रिटिश रोल्स रॉइस इंजिनावर. जानेवारी १९३६ मध्ये त्याची दुहेरी शेपटी तुटली आणि आतले दोघेही मेले. पुढची एकाच शेपटीची झाली. १९३८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात कास्तेयोन प्रांतातल्या चार खेड्यांवर ५०० किलोचे बॉम्ब टाकून बघितले, तिथं ३८ जण गेले. इतकी सगळी धडपड नेम चुकू नये म्हणून. मग रुग्णालय चुकून लागलं, हे मी स्वतःला कसं पटवू? फलकासमोर मला तेच सुचत होतं.

व्येलुनवर आलेली तुकडी वाल्टर सिगेल या जर्मन अधिकाऱ्याची. १५ ऑगस्टला, फक्त अडीच आठवड्यांपूर्वी, याच तुकडीच्या सरावात सगळ्यांनी मिळून सूर मारला आणि ढगांखाली जमिनीलगत दाट धुकं निघालं. १३ विमानं जमिनीत घुसली, २६ जण मेले. सिगेल वाचला.

आणि तो आवाज. चाकांच्या खांबांवर वाऱ्याने फिरणारे छोटे पंखे बसवलेले असत, खालच्या लोकांची भीतीने गाळण उडावी एवढ्यासाठी. आम्ही कोल्हापूरकर शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावायचो. भोंगा म्हणजे पाळी सुटली, माणसं घरी निघाली. हेंडनला मी कशाला हसलो, ते शाळेसमोर उभं राहिल्यावर मला लागलं.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडवर या मंद विमानांची इतकी पडझड झाली की तिथून ती काढून घ्यावी लागली. नंतर रशियात ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा लावून रणगाडे फोडायला वापरली.

भाचीला मी वळिवड्याबद्दल सांगितलं. युद्धात कोल्हापूरजवळ पाचेक हजार पोलिश लोकांची छावणी होती. त्यातले बहुतेक पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी सायबेरियाला नेलेले, म्हणजे व्येलुनहून त्यांची वाट वेगळी. माझी आजी त्यांना बाजारात बघायची, "गोऱ्या, पण आपल्यासारख्या गरीब बायका" म्हणायची. भाचीला हे ठाऊकच नव्हतं. चार वर्षं पोलंडमध्ये राहून कुणीच सांगितलं नाही, म्हणून ती रागावली. मला बरं वाटलं.

परतीची बस आलीच नाही. थंडीत दीड तास थांब्यावर काढला, फलकावर सूचना नाही, फोन कुणी उचलत नाही. शेवटी पुढच्या बसने निघालो.

जाणार असाल तर १ सप्टेंबर गाठा. पहाटे ४:४० ला गावात भोंगे वाजतात, लोक अंधारात जमतात. २०१९ मध्ये जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी इथं येऊन क्षमा मागितली. पहाटेचे भोंगे ऐकायला आदल्या रात्री गावातच मुक्काम हवा. मी ऑक्टोबरात गेलो, सुट्टी तेव्हा मिळाली म्हणून. शाळेची मधली सुट्टी झाली आणि पोरं फलकाशेजारून पळत सुटली, तेवढं मी बघितलं. एकही फोटो काढला नाही.