हौदाची नोंद ५ : गोळ्या बंद केल्या, तेव्हा पाणी निवळलं

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: सोलापुरात अक्कलकोट रोडला, आमच्या डाळिंबाच्या बागेला लागून २० बाय १० फुटांचा पोहण्याचा हौद आहे. पाणी सरासरी ४ फूट, म्हणजे साधारण २२,६०० लिटर. आपापल्या हौदाचे लिटर पाठ करून ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावरच चालतं. कंत्राट दिलेलं नाही. ब्रश, जाळी, व्हॅक्यूम सगळं मीच करतो.

जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेनंतर पाणी भरलं तेव्हा तळ लख्ख दिसत होता. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला टीसीसीए ९० च्या, म्हणजे क्लोरीनच्या, २०० ग्रॅमच्या दोन गोळ्या तरंगत्या डब्यात टाकत होतो. मार्चअखेर भिंत हाताला बुळबुळीत लागायला लागली. स्ट्रिप बुडवली तर क्लोरीन ३ पीपीएम (लिटरमागे ३ मिलिग्रॅम), म्हणजे कागदावर सगळं ठीक. दुकानदार म्हणाला, "अजून दोन टाका." टाकल्या. मग वळवाचं पहिलं वादळ आलं, धूळ आणि कडुनिंबाचा मोहोर हौदात पडला, आणि दोन दिवसांत पालकाची पातळ भाजी तयार. भाचा काठावर उभा राहून म्हणाला, "मामा, मासे कधी सोडायचे?"

आधी संशय पीएचवर. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे ८.२ निघाला. पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा खऱ्या कामाचा उरतो. ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायला आणलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड घरात होतंच. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड, उलटं कधीच नाही. दोन संध्याकाळी थोडं थोडं देऊन ७.४ वर आणलं. पाणी तरी हिरवंच.

मग सायन्युरिक ॲसिडची (उन्हात क्लोरीन टिकवणाऱ्या पदार्थाची) चाचणी केली. हे आधीच करायला हवं होतं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. हौदाचं पाणी आणि औषध मिसळलं की ताकासारखं पांढरट होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं, वरून बघायचं, आणि ठिपका दिसेनासा झाला त्या रेषेचा आकडा वाचायचा. माझा ठिपका १०० च्या रेषेआधीच गुडूप! निम्मं साधं पाणी मिसळून परत केलं तर ६०. दुप्पट करा: १२०.

हे आलं कुठून? गोळ्यांतूनच. २०० ग्रॅमच्या एका गोळीत क्लोरीनबरोबर सुमारे ११० ग्रॅम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं, माझ्या हौदात ते ५ पीपीएम. आठवड्याला दोन, अकरा आठवडे, वर दुकानदाराच्या दोन. हिशेब जुळला. ३० ते ५० असेल तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण जास्त झालं की क्लोरीनला धरूनच बसतं. स्ट्रिपवर ३ दिसतं आणि शेवाळ मजेत वाढतं. शिवाय ते उडून जात नाही. पाणी बदलणं हाच उपाय.

आणि तोही सोलापुरात, एप्रिलमध्ये. आई म्हणाली, "तुझ्या बहिणीकडे चार-पाच दिवसांनी नळ येतोय, आणि तू हौद रिकामा करतोस?" उत्तर नव्हतं. गोळ्यांचा डबा बाहेर काढला, क्लोरीन शून्यावर येऊ दिलं आणि निम्मं पाणी, ११,००० लिटरच्या वर, बांधावरच्या कडुनिंबांना आणि नारळांना सोडलं. डाळिंबाला दिलं नाही, तेवढी छाती झाली नाही. बोअरने दोन रात्रींत हौद परत भरला. सायन्युरिक ६०.

त्यानंतर द्रवरूप क्लोरीन. १० टक्केवालं एक लिटर म्हणजे माझ्याकडे ४.४ पीपीएम. पहिल्या संध्याकाळी साडेपाच लिटर, ऊन उतरल्यावर. भिंती रोज घासल्या, पंप रात्रंदिवस. सँड फिल्टर (वाळूची गाळणी) ठिबकवाल्यांना नवा नाही: स्वच्छ असताना दाबाचा काटा १० पीएसआयवर असतो, १८ ला गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. पहिल्या दिवशी तीनदा करावा लागला. तिसऱ्या दिवशी हिरवं जाऊन दुधाळ राखाडी झालं, म्हणजे शेवाळ मेलं. पाचव्या दिवशी तळाला टाकलेल्या रुपयाचा छापा की काटा काठावरून सांगता आला. तोवर कुणालाही पाण्यात उतरू दिलं नाही, भाचा रुसला तरी.

आता रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण लिटर, क्लोरीन ५ च्या आसपास ठेवतो. कॅन आपल्या उन्हात लवकर मवाळ पडतो, म्हणून पंपाच्या खोलीत, सावलीत. ॲसिड वेगळ्या कोपऱ्यात: दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. तसंच उरलेल्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका भांड्यात कधीही नको, आग लागते.

पुढचं काम टाइल्सवरच्या पांढऱ्या रेघेचं. मे महिन्यात पातळी दिवसाला जवळजवळ सेंटिमीटरभर उतरते, पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, वरून आपण परत जड पाणी ओततो. बागेतली जुनी शेडनेट सध्या वर ताणली आहे, पाला अडतो, बाष्पीभवन फारसं नाही. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद कुणी झाकणासारखा वापरलाय का? रोज गुंडाळायला किती माणसं लागतात, तेवढं सांगा.