कोंबड्यांसाठी घरगुती पाणपोई

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की परसातल्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही. आणि उघड्या घमेल्यातले पाणी त्या घटकाभरात मातीने गढूळ करतात. म्हणून आज खाद्यतेलाच्या ५ लिटरच्या डब्याला तळाजवळ छिद्र पाडून तो पसरट ताटलीत उभा केला. छिद्र ताटलीच्या काठापेक्षा खाली आणि झाकण घट्ट हवे, हीच खरी मेख: पाणी छिद्राखाली उतरले की हवेचा बुडबुडा आत शिरतो, तेवढेच पाणी बाहेर येते आणि छिद्र पुन्हा बुडताच धार आपोआप थांबते. तांबडीने आधी बुडबुड्यांच्या आवाजालाच मान वाकडी केली, मग पोटभर प्यायली. डबा कडुनिंबाच्या सावलीत विटांवर ठेवला आहे. घासण्याचे काम मात्र सुटलेले नाही, कारण उन्हाळ्यात शेवाळ फार लवकर धरते.