आत्ता म्हणजे कधी?

शनिवार, पहाटे ४.२०

कॅबने नुकतंच कर्वेनगरला सोडलं. नऊ वाजता डेक्कनला स्पॅनिशचा क्लास आहे आणि गृहपाठ अर्धा कोरा. आता आडवी झाले तर उठणार नाही, म्हणून लिहीत बसलेय.

आज एका शब्दाने माझी पार लाज काढली. ‘आओरिता’.

महिनाअखेर होती. ऑफिसात आम्ही रात्रपाळीला मेक्सिकोतली बिलं बघतो. तिथल्या एका पुरवठादाराचं मोठं बिल अडकलेलं. तिकडे बिल म्हणजे सीएफडीआय, इलेक्ट्रॉनिक पावती. पीडीएफ कितीही देखणी असो, संगणकाला वाचता येणारी एक्सएमएल फाइल नसेल तर आम्ही हात लावत नाही. त्यात २०२३ पासून सक्तीच्या झालेल्या ४.० आवृत्तीत बिल घेणाऱ्याचं नाव आणि पिनकोड कर खात्यातल्या नोंदीशी तंतोतंत जुळावा लागतो. आमच्या बिलावर जुना पिनकोड. नवी फाइल मागितली, तर तिथल्या बाईंनी चॅटवर लिहिलं, ‘आओरिता ते लो मांदो.’ म्हणजे आओरिता पाठवते.

‘आओरा’ म्हणजे आता, हे पहिल्या महिन्यातच पाठ केलेलं. त्याचं लाडाचं धाकटं रूप आओरिता, म्हणजे अगदी या क्षणी, असा मी हिशोब मांडला आणि टीम लीडना ठासून सांगितलं, “टू मिनिट्स.” मग बसले स्क्रीनकडे बघत. बारा वाजले, दोन वाजले. साडेतीनला, म्हणजे त्यांच्या दुपारी चारला, शिफ्ट संपली तरी फाइल नाही. “खात्री नव्हती तर सांगितलंस कशाला?” सगळ्यांसमोर. प्रोबेशनचे अजून दोन महिने बाकी आहेत.

कॅबमध्ये शेजारच्या सीनियर ताई हसत सुटल्या. “अगं, आओरिता म्हणजे पाच मिनिटं, संध्याकाळ, उद्या... कधी कधी कधीच नाही!”

आणि मला कराडचे आमचे बाबा दिसले. अंगाला टॉवेल गुंडाळलेला, तोंडात ब्रश, आणि फोनवर, “हा काय, निघालोच!” ‘आत्ता आलो’चा खरा अर्थ लहानपणापासून जिला ठाऊक, तिने ‘राइट नाऊ’ धरून बसावं?

हे पहिल्यांदा नाही झालेलं. क्लासमध्ये ‘मे गुस्ता’वर आम्ही दोन रविवार घालवले. सर इंग्रजीतून फोड करून सांगतायत, कॉफी मला प्रसन्न करते वगैरे, आणि वर्गभर शांतता. तिसऱ्या रविवारी डोक्यात ट्यूब पेटली : मला कॉफी आवडते, मे गुस्ता एल काफे. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, माझ्या नाही. हे तर आपलंच! ‘तू’ आणि ‘उस्तेद’, म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, त्यांचंही तेच. घरी अहो-जाहो करत वाढलेली मी, पण मध्ये इंग्रजीचा एकच ‘यू’ आला आणि वयाने कितीतरी मोठ्या अकाउंटंटना पहिल्याच मेलमध्ये सरळ अरे-तुरे केलं. उच्चारही तसाच. त्यांचा ‘त’ म्हणजे आपला स्वच्छ दाती त, पण रोमन अक्षर दिसलं की आमची जीभ टकटक करते.

फ्लोअरवर मोबाइल चालत नाही, कागदही नाही. मग क्रियापदं तळहातावर पेनाने लिहून नेते. हाताला स्पॅनिशमध्ये ‘मानो’ म्हणतात, आणि शेवटी ‘ओ’ असूनही तो स्त्रीलिंगी, ‘ला मानो’. हे मात्र तळहातानेच शिकवलं. घामाने पुसलं जायच्या आत पाठ करावं लागतं.

नोव्हेंबरात देलेची, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची, ए-टू पातळीची परीक्षा. शंभरपैकी साठ हवेत. वाचन-लेखनाचे पन्नास, ऐकणं-बोलण्याचे पन्नास, आणि दोन्हीकडे किमान तीस. म्हणजे व्याकरणाच्या जोरावर बोलणं झाकता येत नाही. भाषाभत्ता पास झाल्यावर, फी मात्र आधी माझ्या खिशातून. पगारावरून आठवलं : या कामाच्या पहिल्या दिवशी स्क्रीनवर ‘पोर पागार’ वाचून मला वाटलं, कुणाच्या तरी पगाराची यादी उघडली. ती निघाली द्यायच्या बिलांची यादी. ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि पैसे चुकते करणं याला स्पॅनिशमध्येही तोच शब्द. त्या दिवशी तेवढीच एक ओळखीची खूण होती.

खरी अडचण स्पॅनिशची नाहीच बहुतेक. मेक्सिकोच्या बाईंना मी बिनदिक्कत म्हणते, ‘नो एन्तेन्दी, मास देस्पास्यो’, समजलं नाही, जरा सावकाश. त्याही सावकाश बोलतात. पण आपल्याच मीटिंगमध्ये हिशोबातल्या ‘अ‍ॅक्रूअल’चं काही डोक्यावरून गेलं तर मी मान डोलावते. इंग्रजीत न कळणं हा गुन्हा असल्यासारखा. परवा एकदा धीर करून विचारलं. लीडनी पुन्हा सांगितलं, थोडं वैतागून. तरी कळलं.

सोमवारी बाईंना आधी विचारणार, आओरिता म्हणजे किती वाजता?

पाच वाजले. नळाला पाणी आलं म्हणून आई उठलीय, तिचा फोन. “अगं, अजून जागीच? झोपणार कधी?”

“आत्ता झोपते, आई.”

गृहपाठाचं पान समोर तसंच.