बाहेर कापूर, आत कांदे

जुना ड्रमसेट विकत घ्यायला इंदूरजवळच्या महूच्या त्या जुन्या बंगल्याच्या कोठीघरात गेले, तेव्हा फ्लोअर टॉममध्ये (पायांवर उभा राहतो तो मोठा ड्रम) कांदे भरले होते. वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, कधीतरी फाटलं असणार, मग कांद्यांची सोय झाली. शेजारी बास ड्रम (पेडलने पायाने वाजवतात तो) आडवा, त्याच्यावर दोन गाद्या. मालकीणबाई माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "साहब, एकदम ओरिजिनल इंग्लिश है." ड्रम्स मी वाजवते, नवरा फक्त गाडी चालवतो. त्याने गुपचूप माझ्याकडे बोट केलं. आम्हाला सवय आहे.

'ओरिजिनल' या शब्दाने मी एकदा पोळलेली आहे. दोन वर्षांपूर्वी इथे इंदुरातच एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून लुडविग या अमेरिकन कंपनीचा स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) घेतला. बॅज, म्हणजे कंपनीच्या नावाची पट्टी, बघूनच भुलले. घरी येऊन नीट बघते तर बॅज दोन खिळ्यांनी ठोकलेला. लुडविगचा साठच्या दशकातला बॅज शेलला (ड्रमच्या गोल अंगाला) हवेसाठी जे भोक असतं, त्यातल्या धातूच्या कडीनेच धरलेला असतो. माझ्या स्नेअरला भोक एकीकडे आणि बॅज दुसरीकडे! सात हजार गेले. शेल देशी होता, त्याला मी नावं ठेवणार नाही, अजून वाजवते. पण तेव्हापासून बॅज सगळ्यात शेवटी बघायचा असं ठरवलंय.

म्हणून या वेळी पिशवीत टॉर्च, स्टीलची टेप, ड्रम-की आणि एक कोरं १२ इंची हेड घेतलं होतं. डिकीत घरच्या टीपॉयची काच. (सासूबाईंना अजून माहीत नाही.)

कांदे परातीत काढले आणि टॉर्च आत मारला. पातळ प्लायवूड, वरच्या आणि खालच्या काठाला आतून जाड लाकडी कडी. प्रीमियर या इंग्लिश कंपनीच्या जुन्या सेटमध्ये हे दिसायलाच हवं, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण साठच्या दशकातल्या स्वस्त जपानी सेटमध्येही अशा कड्या असतात. म्हणून मग रॅपकडे, म्हणजे शेलवरच्या रंगीत आवरणाकडे, वळले. मूळचा पांढरा मोतिया रंग, आता दुधाळ चहासारखा झालेला. अंगठा त्यावर जोरजोरात घासला, गरम झाल्यावर नाक लावलं. कापूर! आरतीत जळतो तो वास नव्हे, देवघरातली डबी उघडल्यावर येतो तो. जुना रॅप सेल्युलॉइडचा असतो आणि सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात. इतक्या वर्षांनीही घासलं की वास सुटतो. (म्हणूनच असला रॅप काढायला हीट गन कधीही लावू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.)

मग मालकीणबाईंना विचारून एक लग (हेड ताणायचा स्क्रू ज्यात बसतो तो धातूचा तुकडा) सोडवला. लगच्या खाली त्याच्याच आकाराचा शुभ्र पांढरा डाग, जिथे इतक्या वर्षांत उजेड पोचला नव्हता. कडा अगदी जुळत होत्या. म्हणजे लग पहिल्यापासून इथेच होता, कुणी बदललेला नव्हता. त्या डागाकडे मी उगाचच बराच वेळ बघत बसले.

बॅज आता बघितला. प्रीमियर, इंग्लंड. १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी, १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात कारखाना गेल्यावर लेस्टरला गेली. महूची छावणी, क्लब, रेल्वेवाल्यांचे डान्स हे सगळं डोळ्यांपुढे आणलं तर असा सेट इथे सापडावा यात नवल नाही.

शेवटी कोरं हेड लहान टॉमवर ठेवलं. बसेना. फिरवून बघितलं, दाबून बघितलं, तरी नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रीमियरचे बरेच शेल आजच्या मापापेक्षा जरासे मोठे असत, त्यामुळे नेहमीचं १२ इंची हेड त्यांच्यावर चढत नाही. मनात उकळ्या फुटत होत्या आणि चेहरा मात्र पडलेला ठेवला. "आंटी, नया हेड तो इस पे लगता ही नहीं." हे खरंच होतं. पण हेड न बसणं हाच जुनेपणाचा पुरावा आहे, हे मी बोलले नाही. चाळीस हजारांवरून गाडी सव्वीसवर आली. परत येताना वाटेतल्या राऊपर्यंत मी गप्प होते.

आता दोष सांगते. काचेवर पालथा ठेवून आत टॉर्च लावला तर फ्लोअर टॉमच्या काठाखालून दोन ठिकाणी उजेड येतो, म्हणजे काठ सपाट नाही. गोलाईही बिघडलीय, व्यासात तीन मिलिमीटरचा फरक, बहुतेक कांद्यांची कृपा. बास ड्रमला कुणीतरी तीन जादा भोकं पाडलीत. स्नेअर नाहीच. क्रोम मात्र ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घासल्यावर इतका उजळला की नवऱ्याने त्यात केस विंचरले. हेड इंग्लंडहून मागवावी लागली, त्यांच्या किमतीबद्दल घरात बोलणं झालेलं नाही.

काल मालकीणबाईंचा फोन आला, अर्थात नवऱ्याच्या नंबरवर. पलंगाखाली या सेटचं पेडल सापडलंय म्हणे. त्याचे पैसे वेगळे.