ऊन लागणारी काच

माझा चष्मा उन्हात काळा होतो. म्हणजे, व्हावा अशी अपेक्षा आहे. जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर पाय ठेवला की तो इतका काळाकुट्ट होतो, की ओळखीचे लोक ‘डोळे आलेत का ओ?’ म्हणून विचारतात. आणि मे महिन्यात पारा ४२-४३च्या घरात असतो, भर दुपारी सात रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा हाच चष्मा जेमतेम राखाडी होऊन थांबतो. ज्या उन्हासाठी जादा पैसे मोजले, नेमक्या त्याच उन्हात यानं अंग काढून घ्यावं?

तक्रार घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार अण्णांनी चष्मा उलटसुलट करून पाहिला, दारात जाऊन उन्हात धरला आणि परत माझ्या हातात दिला.

‘‘काच बरोबर आहे, मालक. ऊन गरम आहे.’’

‘‘अण्णा, ऊन गरम असतंच की.’’

‘‘तेच सांगायलोय की.’’

एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला आधी वाटलं, कटवलं. पण अण्णांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

या काचा हल्ली बहुधा प्लास्टिकच्या असतात. काच म्हणायचं ते सवयीनं. त्यांत एक रंगद्रव्य मुरवलेलं असतं. त्याचा रेणू एरवी दुमडलेला आणि बिनरंगी. उन्हातले अतिनील किरण पडले की त्यातला एक बंध तुटतो, रेणू उलगडून सपाट होतो आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश गिळायला लागतो. झाली काच काळी. पण उलगडलेल्या रेणूचा जीव सारखा मिटण्याकडे असतो, आणि मिटायला त्याला मदत करते उष्णता. म्हणजे एकाच उन्हाचा एक भाग रेणू उलगडतोय आणि त्याच उन्हाची धग तो मिटवतेय. जानेवारीच्या गारव्यात धगीचं काही चालत नाही. मे महिन्यात तिचंच राज्य. हा चष्मा खरा शोभायचा तो बर्फाच्या डोंगरावर. सोलापूरच्या माणसानं तो घ्यावा आणि मग कुरकुरावं, यात चष्म्याचा काय दोष?

चारचाकीत तर तो काळा होण्याचं नावच घेत नाही. गाडीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा एक पापुद्रा असतो, तो अतिनील किरणांना बाहेरच अडवतो. संध्याकाळी पुण्याच्या रस्त्याला लागावं. मोहोळ गेलं, टेंभुर्णी आली, तरी सूर्य थेट डोळ्यांत आणि चष्मा कोराच्या कोरा.

खरोखरच्या काचेचा असा चष्मा आला तो अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीतून. विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी या दोघांनी १९६४ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी काचेत चांदीच्या क्लोराइडसारख्या क्षारांचे स्फटिक वाढवले होते, इतके बारीक की काच मुळीच गढूळ दिसू नये. सोबत चवीपुरतं तांबं. ऊन पडलं की तांब्याकडून चांदीकडे इलेक्ट्रॉन जातो, चांदीचे अणू एकत्र येतात आणि प्रकाश अडवतात. जुन्या फोटोच्या फिल्ममध्येही हेच चांदीचे क्षार असायचे. पण फिल्म एकदा काळी झाली की झाली. तिथे सुटलेला वायू निघून जातो, मागे वळण्याची सोय उरत नाही. काचेत सगळे कोंडलेले. सावलीत आलं की इलेक्ट्रॉन तांब्याकडे परत, चांदी आपल्या जागी परत, काच पुन्हा नितळ. उधारीचा इतका चोख व्यवहार मी चाटी गल्लीतसुद्धा पाहिलेला नाही.

हे रंग बदलणं डोळ्यांदेखत बघायचं असेल तर एक रिकामटेकडा उद्योग सांगतो. गच्चीवर आईनं शेंगा वाळत घातल्या होत्या. त्याच चादरीच्या कोपऱ्यावर मी चष्मा उताणा ठेवला आणि डाव्या काचेवर दोन दाण्यांची एक शेंग ठेवली. (‘‘चष्मा कशाला वाळत घातलायस?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.) थोड्या वेळानं शेंग उचलली. काळ्या काचेत शेंगेच्या आकाराची स्वच्छ जागा उमटलेली. मधली कंबर, टोकाची ती बारीकशी चोच, सगळं. बघता बघता कडा विरघळायला लागल्या, आधी चोच गेली, मग कंबर बुजली, आणि शेंग होती तिथेही काच बाकीच्यासारखीच झाली. प्रकाशानं चित्र काढलं आणि प्रकाशानंच पुसलं.

सगळ्या काचा इतक्या लवचीक मनाच्या नसतात. पूर्वी काचेतली लोखंडाची हिरवट झाक घालवायला तिच्यात मँगनीज टाकायचे. तशा काचा वर्षानुवर्षं उन्हात राहिल्या की जांभळ्या होत जातात आणि सावलीत आणल्या तरी तशाच राहतात. तो रंग काढायचा तर काच चांगली तापवावी लागते. ऊन कायमचं लागलेली काच म्हणायची ती.

आपण काचेला फार गृहीत धरतो असं माझं मत आहे. प्रकाश आला, गेला, काचेला सोयर ना सुतक, असा आपला समज. खरं तर आत शिरलेला प्रकाश काचेतल्या प्रत्येक अणूचे इलेक्ट्रॉन हलवत पुढे जातो, त्यापायी त्याचा वेग घटतो, नेहमीच्या काचेत तर जवळपास दोन तृतीयांशावर येतो. मग त्या इलेक्ट्रॉनांना दुसऱ्याच कुणी धरून ठेवलं, समजा विजेनं, तर प्रकाशाची चाल बदलायला हवी. हा प्रश्न मायकेल फॅरडेच्या डोक्यात होता. १८४५ साली त्यानं शिसं घातलेल्या जड काचेवर चुंबकाचा असा परिणाम दाखवूनही दिला. विजेचा मात्र त्याला दिसला नाही.

तो दिसला तीस वर्षांनी, ग्लासगोच्या जॉन केरला. शिक्षकांना शिकवणाऱ्या एका कॉलेजात हे गृहस्थ गणित शिकवायचे. मोठी प्रयोगशाळा नाही, पदरी माणसं नाहीत. त्यांनी काचेच्या जाड तुकड्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, मधे थोडी काच शिल्लक ठेवली, भोकांत तारा घातल्या आणि त्या उच्च दाबाच्या विजेला जोडल्या. काचेच्या अलीकडे-पलीकडे एकेक निकोल प्रिझम, एकमेकांना आडवं. पहिल्यातून एका दिशेनं कंप पावणारा प्रकाशच सुटतो आणि दुसरं नेमका तोच अडवतं. म्हणून पलीकडे अंधार. वीज सुरू केली आणि अंधारात हळूहळू उजेड आला. काच विजेच्या ताणाखाली दुहेरी वागायला लागली होती, एका दिशेच्या कंपनांना एक वेग आणि आडव्या दिशेच्या कंपनांना दुसरा. साल १८७५. या परिणामाला आज केरचंच नाव आहे.

निकोल प्रिझम बनतं कॅल्साइटच्या नितळ स्फटिकापासून. तो कागदावर ठेवला की खालचं अक्षर दोनदा दिसतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत कॅल्साइट सापडतो. विहिरी खणताना, सुरुंग लावताना लोकांच्या हाती तो येतो, आणि बरेचदा टीव्हीवर शोभेला जाऊन बसतो.

उच्च दाबाची वीज घरी करून बघायच्या भानगडीत पडू नये. पण आडव्या प्रिझमांचा खेळ फुकटात होतो. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, डोळ्यावर पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश सोडणारा, गॉगल चढवायचा आणि मान तिरकी करत जायची. एका कोनाला पडदा ठार काळा. आता गॉगल आणि पडद्याच्या मधे पोराच्या कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी धरायची. काळ्या पडद्यावर पट्टी झळाळून उठते: कडेला पिवळे-निळे पट्टे, टांगायच्या भोकाभोवती रंगांची वलयं दाटीनं गोळा झालेली. साच्यात थिजताना प्लास्टिकमध्ये जो ताण अडकून पडला, तो हा. केरच्या काचेत ताण विजेचा होता, इथे साच्याचा. आणि लॅपटॉपचा तो पडदाही द्रवरूप स्फटिकांना विजेनं वळवूनच आपल्याला अक्षरं दाखवत असतो.

यानंतरचं नाव जर्मनीतला फ्रीडरिश पॉकेल्स. काही स्फटिकांत विजेचा परिणाम केरच्यापेक्षा साधा आणि सरळ असतो, वीज दुप्पट तर परिणाम दुप्पट आणि दिशा उलटवली तर परिणामही उलटा, हे त्यानं १८९३ साली नीट मांडलं. पण मला या फ्रीडरिशपेक्षा त्याची थोरली बहीण जास्त भावते. अ‍ॅग्नेस पॉकेल्स. त्या काळी तिथे बायकांना विद्यापीठाची दारं बंद, घरात आईवडील आजारी, म्हणून ती स्वयंपाकघरात. भांडी धुताना पाण्यावरचा तेलकट तवंग बघून तिनं पत्र्याच्या पसरट भांड्यात पाण्याच्या पृष्ठताणाची मोजमापं सुरू केली. धाकटा भाऊ पुस्तकं पुरवायचा. तिनं इंग्लंडातले नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, आणि त्या भल्या माणसानं ते १८९१ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापवून आणलं. भावाच्या आधी दोन वर्षं! आज प्रकाशाचं तंत्र शिकणाऱ्या प्रत्येकाला भाऊ माहीत असतो. बहीण कुणालाच माहीत नसते. मला हे पटत नाही.

पॉकेल्सचा परिणाम साध्या काचेत मात्र दिसत नाही. सोलापूरकराला याचं कारण लगेच कळेल. स्फटिक म्हणजे मागावर ताणलेलं सूत, ताणा कुठे, बाणा कुठे ठरलेलं. काच म्हणजे त्याच सुताचा गुंता. गुंत्याला उजवं-डावं नसतं. त्यामुळे वीज इकडून लावा की तिकडून, काचेला एकच, आणि उलटसुलट वागण्याचा प्रश्नच येत नाही. तरी माणसं गप्प बसत नाहीत. १९९१ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या मायर्स, मुखर्जी आणि ब्रूक यांनी शुद्ध सिलिकाची काच तीनशे अंशांच्या आसपास तापवली, तिला काही हजार व्होल्ट लावले आणि वीज तशीच चालू ठेवून ती निवू दिली. गरम काचेत सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एका बाजूनं सरकले आणि काच गार होताच सरकल्या जागीच अडकले. वीज काढून घेतली तरी काचेत विजेची आठवण राहिली. गुंत्याला उजवं-डावं आलं.

स्फटिकांतला सगळ्यात कमावता मुलगा म्हणजे लिथियम नायोबेट. काही व्होल्ट लावले की त्याचा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग आत किती घटतो, त्याचा आकडा) जेमतेम दहा हजारांत एका भागाइतका बदलतो, पण सेंटिमीटरभर लांबीत तेवढा बदल साठत जाऊन प्रकाशाची लाट अर्ध्यानं मागे पडते. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एकाला असं मागे पाडायचं आणि दोघांना परत भेटवायचं. लाटा जुळल्या तर उजेड, उलट्या आल्या तर अंधार. सेकंदाला अब्जावधी वेळा. फायबरमधून लांब पल्ल्याला जाणारी माहिती अशाच स्फटिकांच्या चिपांवर लिहिली जात आलीय. १९६६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या आर्थर अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांना दिसलं की लेसरचा झोत खुद्द या स्फटिकाचाच अपवर्तनांक बिघडवतो. त्यांनी ते नुकसान म्हणून नोंदवलं. मग लोकांच्या ध्यानात आलं, अरे, नुकसान कसलं, यात तर चित्रं साठवता येतील. अ‍ॅश्किनना २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी नोबेल मिळालं, ते मात्र दुसऱ्याच कामासाठी.

खुद्द फायबरही काचेचाच, जर्मेनियम मिसळलेल्या सिलिकाचा. कॅनडात केन हिल यांनी १९७८ साली त्यात लेसरचा हिरवट-निळा प्रकाश सोडून ठेवला, तर हळूहळू जास्तच प्रकाश उलटा परतायला लागला. जाणारा आणि टोकावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून फायबरच्या आत बारीक पट्टे कोरत होता आणि तेच पट्टे प्रकाशाला मागे फिरवत होते. हे पट्टे कायम राहतात. फायबर ताणला गेला की त्यांतलं अंतर बदलतं, परतणारा रंग बदलतो. म्हणून पुलांच्या पोटात असे फायबर बसवून पुलाला किती ताण पडतोय ते मोजतात.

आमच्या गल्लीतही मध्यंतरी फायबर आला. सकाळी सकाळी रस्ता खणायला सुरुवात झाली, नारिंगी नळीची भेंडोळी येऊन पडली. केसाएवढ्या काचेतून काय काय जातं ते शेजारच्या काकूंना सांगावं म्हणून मी चष्मा सावरत पुढे झालो, पण त्या आधीच खणणाऱ्या पोराशी बोलत होत्या.

‘‘पाण्याची लाईन का रे बाळा?’’

‘‘नाही ओ मावशी, नेटची केबल.’’

‘‘नेट रोज येतंय की रे. पाण्याचं बघा की जरा.’’