आठव्या लेनमधलं जड पाणी

चवथीच्या सुट्टीनंतर आमचा तलाव पुन्हा सुरू झाला, तेव्हापासून एका पोराला मी रोज ओरडत होतो. ८०० मीटरला तो नेहमी पहिल्या लेनमध्ये. जाताना ३३.३ सेकंद, येताना ३४.७. पुन्हा ३३.२, पुन्हा ३४.७. सोळाच्या सोळा फेऱ्या हेच. "परतताना हात ढिले सोडतोस!" हे माझं ठरलेलं वाक्य. तो बिचारा खाली मान घालून ऐकायचा.

मग निवड चाचणी आली. मुलींची ५० मीटर फ्रीस्टाइल, जागा एकच. पहिल्या लेनमधली २९.८० ला भिंतीला लागली, आठव्यातली ३०.४० ला. सरावात मधल्या लेनमध्ये ही दुसरीच पुढे असायची. वर आली आणि धापा टाकत म्हणाली, "सर, पाणी जड लागलं."

असली कारणं मी पुष्कळ ऐकलीत. तरी वही उघडली. आठव्या लेनमध्ये कोणीही पोहो, जाताना हळू, येताना जलद. पहिल्या लेनच्या बरोब्बर उलट. दीड महिना हे आकडे मीच माझ्या हाताने लिहीत होतो.

पाणी खरंच वाहतंय का ते बघायला प्लॅस्टिकची बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरली, म्हणजे ती जेमतेम तरंगते आणि वारा तिला ढकलत नाही. (मांडवीवरून दुपारी येणारा वारा रिकाम्या बाटलीला कुठेही नेईल.) पहिल्या लेनमध्ये सोडली. भिंतीपासून बॅकस्ट्रोकच्या (पाठीवर पोहणाऱ्यांना भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून वर लावलेल्या) झेंड्यांपर्यंतचं पाच मीटर अंतर तिने पावणेतीन मिनिटांत कापलं. सेकंदाला तीन सेंटिमीटर. डोळ्यांना ते पाणी अगदी निवांत दिसत होतं. पण तीस सेकंदांत ५० मीटर पोहणाऱ्या मुलीला एवढा प्रवाह साथ देतो तेव्हा अर्धा सेकंद वाचतो, आडवा येतो तेव्हा अर्धा जातो. दोन लेनमध्ये एक सेकंदाचा फरक! १०० मीटरला जाण्यायेण्यात हिशेब जवळपास फिटतो. ५० ला परतणंच नसतं.

२०१३ च्या बार्सिलोना जागतिक स्पर्धेनंतर इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी लांब शर्यतींचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक फेरीच्या वेळा, तपासून असाच प्रवाह असावा असं म्हटलं होतं. रिओ २०१६ ऑलिंपिकबद्दलही तीच शंका निघाली. हे सगळं मी वाचलेलं होतं, आणि तरीही पोराला ओरडत होतो.

कारण अगदी साधं निघालं. डागडुजीत भिंतींतल्या इनलेटचे, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या भोकांचे, नोझल बदलले होते आणि एका बाजूचे सगळे एकाच दिशेला वळवून ठेवले होते. फिल्टरमधून येणारं पाणी अख्खा तलाव गोल फिरवत होतं. पाणी आत सोडायला नियमांची हरकत नाही, जाणवण्याजोगा प्रवाह मात्र चालत नाही.

पंपवाले काका तयार होईनात. "पंप बंद केल्यार क्लोरीन कोण पळयतलो?" (पंप बंद केल्यावर क्लोरीनकडे कोण बघणार?) शेवटी तासाभरासाठी मानले. पंप थांबला तरी बाटली सरकतच होती. ती जागची हलेनाशी होईपर्यंत आम्ही काठावर बसून राहिलो.

दोघींना चौथ्या-पाचव्या लेनमध्ये उतरवलं. आठव्यातली ३०.०२, पहिल्यातली ३०.२१. पहिल्यातली कठडा धरून रडली. तिला काय सांगणार, तिची चूक तरी कुठली?

तो ८०० वाला पोर टॉवेल गुंडाळून मागेच उभा होता. "सर, म्हणजे माझे हात ढिले नव्हते ना?"

मी त्याला बाटली काढून आणायला पाठवलं.