सीजी ५४ वरून ६२ वर: लँडिंगच्या बेडूकउड्या थांबल्या

गेले दोन महिने माझं हाय-विंग ट्रेनर (पंख वर बसवलेलं, शिकाऊ रिमोट-कंट्रोल विमान) दर लँडिंगला आधी नाकाचं चाक आपटायचं आणि मग तीन-चार उड्या मारायचं. मी दोष अंगठ्याला देत राहिलो, सिम्युलेटरवर फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकेच वर उचलणं) घोटून घोटून पाठ केला. अंगठाही थोडा दोषी होताच, पण खरी गोम बॅटरीच्या जागेत निघाली.

आधी आकडे. पंख १४०० मिमी, सरळ चौकोनी. कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २२० मिमी. उडायला तयार वजन १२०० ग्रॅम, त्यातले १८० ग्रॅम ३एस (तीन सेलच्या) २२०० एमएएच बॅटरीचे. माहितीपत्रकात सीजी (गुरुत्वमध्य, जिथे विमान तोललं जातं) लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) ६२ मिमी दिलाय, म्हणजे कॉर्डच्या साधारण २८ टक्के.

रविवार पहिला. आजवर सीजी बोटांवर तोलायचो. बोटाचं टोक दीडेक सेंटिमीटर रुंद, आणि आपण शोधतोय दोन-चार मिलिमीटरचा फरक! या वेळी लाकडी फळीवर दोन पेन्सिली खोडरबराची बाजू वर करून उभ्या केल्या, त्यावर पंख टेकवले. ६२ वर ठेवताच नाक धाडकन खाली. सरकवत सरकवत विमान समतोल राहिलं ते ५४ वर. शेपूट जड होण्यापेक्षा नाक जड बरं, हा सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला होता.

नाक जड असलं की ते वर धरायला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती पट्टी) आधीच थोडा वर लागतो. वेग उतरला की त्याच एलेव्हेटरचा जोर आणखी घटतो. मग फ्लेअरच्या क्षणी स्टिक पोटापर्यंत ओढली तरी नाक उठत नाही. माझं नेमकं हेच होत होतं.

हिशोब सोपा आहे: बॅटरी ४० मिमी मागे नेली तर १८० × ४० ÷ १२०० = ६ मिमी. मला ८ हवे होते, म्हणजे बॅटरी जवळपास ५३ मिमी मागे. मधला फोमचा अडथळा कापला आणि मागे ठोकळा चिकटवला. नुसत्या वेल्क्रोवर माझा भरवसा नाही. चढताना बॅटरी मागे घसरली तर विमानाची आशा सोडायची.

रविवार दुसरा. चांगल्या उंचीवर थ्रॉटल बंद, ४५ अंशांचा डाइव्ह, स्टिक सोडली. विमान हळूहळू स्वतःहून सरळ झालं. झटक्यात वर आलं असतं तर नाक अजून जड, आणखी खाली वळलं असतं तर शेपूट जड.

मग त्याच उंचीवर स्टॉल (वेग इतका कमी की पंखाची उचल सुटते) करून पाहिला, आणि डावा पंख खाली झुकला. तीनदा केला, तिन्ही वेळा डावाच. पंखाला पीळ नव्हता. घरी स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) आणि शेपटीला धरून उचललं तर डावी बाजू लगेच खाली. एलरॉनच्या (पंखावरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांच्या) ट्रिमने, म्हणजे स्टिक मधोमध असतानाही त्या थोड्या वळलेल्या ठेवून, मी हे झाकत आलो होतो. पण ट्रिमचा जोर वेगाबरोबर बदलतो, वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून क्रूझमध्ये (नेहमीच्या वेगात) सरळ उडणारं विमान हळू झालं की कलायचं. उजव्या टोकाला ६ ग्रॅम शिसं चिकटवलं, ट्रिम शून्यावर आणला.

रविवार तिसरा. एलेव्हेटर ट्रिम मी नेहमी पाऊण थ्रॉटलवर करायचो. उतरताना तो थ्रॉटल नसतोच! या वेळी अप्रोचच्या (उतरायला येतानाच्या) पाव थ्रॉटलवर, हात सोडून, विमान मंद उतरत राहील असा ट्रिम लावला. खाली आल्यावर क्लेव्हिस (टोकाची जोडणी) फिरवून पुशरॉडची (एलेव्हेटर हलवणाऱ्या सळईची) लांबी जुळवली, ट्रान्समीटरचा ट्रिम मधोमध आणला. सीजी मागे गेल्याने एलेव्हेटर जास्त तिखट झाला होता, म्हणून एक्सपो (स्टिक मध्याजवळ असताना प्रतिसाद मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के. (एक्सपोची दिशा जमिनीवर तपासा. काही ट्रान्समीटरमध्ये चिन्ह उलटं असतं.)

अकरा लँडिंग केली. आठ वेळा मागची चाकं आधी टेकली, दोनदा किरकोळ उडी. एकदा आडव्या वाऱ्यात गवतात गेलं, तो दोष पूर्णपणे माझा. स्टिक शेवटपर्यंत ओढावी लागली नाही, हे मला सर्वांत आवडलं.

फ्लॅपला (उतरताना खाली वळवायच्या पंखावरच्या पट्ट्यांना) अजून हात लावलेला नाही. ते टाकताच नाक वर उचलतं. खाली एलेव्हेटर किती मिक्स करायचा ते उंचीवर मोजून पुढच्या नोंदीत लिहितो.